पाठांतर एकट्याचं नसतं

लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीत सप्ताह बसला की कीर्तनात एक गोष्ट हमखास दिसते. महाराज बोलता बोलता एखाद्या अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारतात आणि मागे उभे असलेले टाळकरी ते प्रमाण लगेच उचलतात. समोर पोथी नसते, हातात कागद नसतो. कुणी दिवसभर कांद्याच्या लिलावात उभा राहिलेला असतो, कुणी कपाशीला पाणी देऊन आलेला. तरी गाथेतले शेकडो अभंग त्यांच्या मुखी असतात. ऐकणारा कौतुकानं म्हणतो, "यांच्या डोक्यात फोटोच निघतो बघा."

कौतुक खरं आहे, पण त्यातून या माणसांचे कष्ट निसटतात.

फोटो असता तर पान कुठूनही वाचता आलं असतं. त्याच टाळकऱ्याला विचारा, गाथेच्या अमक्या पानावर शेवटून तिसरी ओळ कोणती? त्याला सांगता येणार नाही. अभंग शेवटच्या शब्दाकडून मागे म्हणायला सांगा, तो अडखळेल. पाठ असलेला अभंग चालीवर चालतो. यमक पुढचा चरण सुचवतं, अर्थ वाट चुकू देत नाही. त्याला लक्षात राहतो तो अभंग, छापलेलं पान नव्हे.

फोटोसारख्या स्मरणशक्तीचा शोध शास्त्रज्ञांनीही कसून घेतला आहे. 1970 मध्ये चार्ल्स स्ट्रोमायर यांनी 'नेचर' या नियतकालिकात एका शिक्षिकेवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. 'एलिझाबेथ' या नावानं ओळखल्या गेलेल्या या बाईंनी एक दिवस एका डोळ्यानं हजारो ठिपक्यांचा एक पट पाहिला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्यानं दुसरा. मग मनातच दोन्ही एकमेकांवर ठेवून त्यांत दडलेली आकृती ओळखली, असं स्ट्रोमायर यांनी नोंदवलं. पण त्या बाईंची अशी परीक्षा पुन्हा कधी झाली नाही. पुढे जॉन मेरिट यांनी तशाच चाचण्या वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून छापल्या. अंदाजे 10 लाख लोकांनी त्या करून पाहिल्या. 30 जणांची उत्तरं बरोबर आली, त्यांतले 15 जण समोर बसून परीक्षा द्यायला तयार झाले आणि त्यांतल्या एकालाही ते जमलं नाही. काही लहान मुलांना चित्र उचलून घेतल्यावरही थोडा वेळ ते दिसत राहतं, एवढं मात्र आढळलं आहे. पण तेही लवकरच विरतं, त्यातही चुका असतात आणि मोठेपणी हा गुण क्वचितच उरतो.

आपल्या संतांनी तरी स्मरणावर आंधळा विश्वास कुठे ठेवला? आपल्या गंगापूर तालुक्यातून गोदावरी ओलांडली की नेवासे तालुका लागतो. तिथे नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढच्या सुमारे तीनशे वर्षांत म्हणणाऱ्यांच्या तोंडी आणि लिहिणाऱ्यांच्या हाती तिच्यात पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरीवर त्यांचं अपार प्रेम होतं, म्हणूनच त्यांनी ती तपासून घेतली. प्राणापलीकडे जपलेले शब्दही नकळत बदलतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग एवढं पाठ राहतं कसं? पुन्हा पुन्हा म्हणून, आणि चारचौघांत म्हणून. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथे मुलं वर्षानुवर्षं अभंग घोकतात. गावात तेच काम संध्याकाळचा हरिपाठ आणि एकादशीचं भजन करतं. एकाचा शब्द चुकला तर शेजारचा सावरतो, एकाला चरण आठवला नाही तर दुसऱ्याला आठवतो. नव्या पोराला कुणी वेगळं बसवून शिकवत नाही. मोठ्यांच्या आवाजात आवाज मिसळता मिसळता त्याला पाठ होतं.

हे समजून घ्यायला हवं, कारण घरातल्या मुलाला दोनदा वाचून कविता आली नाही की आपण चटकन म्हणून जातो, "याला डोकंच नाही." एका नजरेत पान टिपणाऱ्या ज्या माणसाशी आपण त्याची तुलना करतो, तो माणूस कुठे सापडलेलाच नाही. ज्यांना खूप पाठ असतं त्यांनी खूप वेळा म्हटलेलं असतं, आणि त्यांच्यासोबत म्हणणारं कुणीतरी असतं. विसरणं हा त्या मुलाचा दोष नाही. विसरलेलं पुन्हा म्हणायला त्याच्याजवळ कुणी बसत नसेल, तर ती उणीव आपली आहे. ती भरून काढायला लोकविलक्षण बुद्धी लागत नाही, रोजची अर्धी घटका पुरते.