यजमानाचा मान

जालना-अंबडकडच्या लग्नात मुहूर्त टळतो तो परण्यातल्या, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीतल्या नाचामुळे, आणि राहिलेली कसर माइक भरून काढतो. अक्षता मुठीत धरून माणसे ताटकळलेली असतात आणि निवेदक नावे पुकारत असतो: सरपंच, माजी सभापती, कारखान्याचे संचालक. फेटा, टॉवेल-टोपी, नारळ. कोणाचे नाव आधी आले आणि कोणाचे राहून गेले, याचा हिशेब मंडपातले लोक मनात मांडतात. तो पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतो.

याला हौस म्हणून हसणे सोपे आहे. पण मान ही आपल्याकडे मालमत्ता होती. मराठेशाहीतल्या वतनाच्या कागदांत शेताशिवाराबरोबर मानपानाची कलमे येतात: शिरपाव आधी कोणाला, विडा कोणाला, होळीची पोळी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचे. पाटीलकीचा निम्मा हिस्सा विकला की या मानाचीही वाटणी होई. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले. पोळ्याला वेशीतून पहिली जोडी कोणाची, यावरचे तंटे मात्र गेले नाहीत. वाटून घ्यायची वस्तू म्हटल्यावर एकाला मिळाले की दुसऱ्याचे कमी होणारच.

मानाचे वेगळे गणित न्यूझीलंडच्या माओरी समाजात दिसते. तिथे ‘माना’ म्हणजे माणसाचा वा कुळाचा अधिकार, वजन, प्रतिष्ठा. काही वंशाने येते, काही करणीने कमवावी लागते. पाहुणे सभास्थानी, म्हणजे मराएवर आले की पोव्हिरी हा स्वागतविधी होतो. पाहुणे फाटकाशी थांबतात. आतून एक जाणती स्त्री त्यांना हाक घालते, पाहुण्यांकडची स्त्री उत्तर देते, आणि दोन्हीकडच्या मृतांचे स्मरण होते. मोठ्या प्रसंगी एक योद्धा पुढे येऊन आव्हानाची खूण जमिनीवर ठेवतो. पाहुण्याने ती उचलली की तो मैत्रीने आला आहे असे ठरते. मग भाषणे, पाहुण्यांनी आणलेली भेट, नाकाला नाक लावणे, शेवटी जेवण. या सगळ्यात पणाला लागते ते यजमानाचे वजन. पाहुणचारात उणे पडले तर नाव त्याचे जाते, भरभरून केले तर वाढते. देणारा त्यामुळे लहान होत नाही.

आपल्याकडे नेमके इथेच गणित उलटते. लग्नाचा यजमान मुलीचा बाप. मांडव त्याचा, पंगत त्याची, कर्जही त्याचेच. आणि त्या मांडवात सर्वांत खाली मान घालून तोच उभा. वरमाय रुसली, मामाच्या फेट्याचा रंग वेगळा निघाला, मानाचे पातळ हलके वाटले, तर हात जोडायचे त्याने. व्याह्याचा मान तो देत नाही, त्याच्याकडून वसूल केला जातो. हुंड्याला 1961 पासून कायद्याची बंदी आहे. मानपानाच्या नावाखाली तोच व्यवहार उजळ माथ्याने चालतो. लग्नखर्च कमी करा असे सांगणारे समाजधुरीण जेवणातले पदार्थ मोजतात, या उतरंडीला हात लावत नाहीत. नोंदणी विवाहानंतरच्या स्वागत समारंभातही मुलीचा बाप तसाच ओशाळवाणा उभा दिसतो, तेव्हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही हे कळते.

माओरींचे सारे आदर्श आहे असे मात्र नाही. पहिली हाक स्त्रीची असली तरी बहुतेक मराएंवर औपचारिक भाषण पुरुषच करतात, आणि त्यावर तिकडे वाद आहेत. तरीही त्या पहिल्या हाकेपाशी मी अडतो. आपल्या दारातही पाहुण्याला प्रथम सामोरी जाते ती बाईच, तांब्या-भाकरतुकडा किंवा निरांजन घेऊन. पण ती सवाष्ण हवी. शेत राखून, पोरे शिकवून ज्या विधवा आईने घर उभे केले, तिने नवऱ्या मुलाला ओवाळायचे नाही. ती मागे, खांबाआड. त्या घराचे वजन ज्या बाईने कमावले, तिलाच स्वागताचा हक्क नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य शासनाने त्याचे अनुकरण करण्यास इतर ग्रामपंचायतींना सांगितले. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे याविरुद्ध तो ठराव होता आणि तो मोलाचा आहे. आमच्याकडच्या पत्रिकांत प्रेषक म्हणून अशा आईचे नाव आता छापलेलेही दिसू लागले आहे. औक्षणाचे ताट मात्र अजून चुलतीच्याच हातात असते.