विश्वस्ताचा धर्म

आपण दत्तभक्त पादुकांपुढे माथा टेकवणारी माणसे. वाडी असो, औदुंबर असो की गाणगापूर, ओढ पादुकांचीच. पादुका म्हटल्या की मला भरत आठवतो. १४ वर्षे त्याने रामाच्या पादुकांच्या नावाने राज्य सांभाळले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वाल्मीकी पुढेही सांगतात. राम परतल्यावर भरत म्हणाला, खजिना, कोठारे, नगर, सैन्य पाहून घ्या. तुमच्या प्रतापाने सारे दसपट झाले आहे. रामाने हिशेब मागितला नव्हता, तरी त्याने दिला. बँकेत जन्म गेलेल्या मला हे फार भावते.

थोरल्या बंधूंनी आपल्या मतिमंद मुलासाठी कौटुंबिक ट्रस्ट केला. आम्ही तिघे विश्वस्त. दादा-वहिनी आता नाहीत. पुतण्याने चाळिशी ओलांडली, पण त्याला नोटा मोजता येत नाहीत. मध्यंतरी नात्यातल्याच एकाने धंद्यासाठी त्यातली रक्कम मागितली. "एफडीपेक्षा जास्त व्याज देतो. घरच्या माणसाला कागद कशाला?" आम्ही तिघांनी नाही म्हटले. तेव्हापासून त्या घरचे गणपतीचे बोलावणे बंद आहे. वाईट वाटते.

मग माणूस मोठा की दस्त? माझ्या पैशातून मी त्याला दिले असते आणि बुडाले असते, तर माझे बुडाले असते. पुतण्याच्या पैशात उदार होणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदाही फार अवघड काही मागत नाही. शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची घेतो तेवढी काळजी घ्या, स्वतःचा फायदा पाहू नका, हिशेब चोख ठेवा. बस्स.

पण याची दुसरी बाजूही आहे. अवधूताने २४ गुरू केले, त्यांत मधमाशी आहे. ती साठवत राहते आणि मध भलताच नेतो. पासबुकातला आकडा वाढवत बसणे हा काही विश्वस्ताचा धर्म नव्हे. पैसा पुतण्यासाठी आहे. त्याच्या दातांवर, सांभाळणाऱ्या बाईंच्या पगारावर, आणि हो, त्याला आवडते म्हणून वाडीच्या कवठाच्या बर्फीवरही खर्च झालाच पाहिजे. प्रत्येक खर्चाची पावती मात्र फाईलला लागते.

लोक म्हणतात, "तुमचा हिशेब विचारतंय कोण?" अहो, विचारू शकत नाही म्हणूनच तर तो जास्त चोख हवा! ज्याला जाब विचारता येतो त्याच्याशी माणूस प्रामाणिक राहतोच. त्यात भीतीचाही वाटा असतो. ज्याला विचारताच येत नाही, त्याच्याशी कसे वागतो, तिथे खरी परीक्षा.

म्हणून ज्येष्ठ मंडळींना एवढेच सांगणे. कुणी विश्वस्त व्हा म्हणाले तर आधी दस्त नीट वाचा. झेपणार नसेल तर तेव्हाच नाही म्हणा. कायदा कुणावर सक्ती करत नाही. एकदा होकार दिला की ते पद मनाला येईल तेव्हा झटकता येत नाही. दरवर्षी वही पुरी करून सहविश्वस्तांसमोर ठेवा. आपल्यानंतर ती उघडणाऱ्याला प्रश्न पडू नये.

श्रीगुरुदेव दत्त!