सुरक्षा, नफा आणि धर्म

कामगाराच्या सुरक्षेवरचा पैसा खर्चाच्या बाजूला मांडायचा की जमेच्या, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातील विठ्ठलवाडीच्या आसपासच्या शहाड, अंबरनाथ, बदलापूर या कारखानदारी पट्ट्यात हिशेबाचा मानला जातो. मुळात तो धर्माचा आहे.

हिशेबाची बाजूही खोटी नाही. शहाडला बनणाऱ्या रेयॉन धाग्यासाठी कार्बन डायसल्फाइड लागते. त्याची वाफ हवेहून जड, जमिनीलगत पसरणारी. सुमारे 100 अंशांच्या तापमानाला, म्हणजे वाफेच्या तापलेल्या पाइपाजवळही, ती ठिणगीशिवाय पेटते. सप्टेंबर 2023 मध्ये तेथील सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. शेजारच्या डोंबिवलीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी रासायनिक कारखाने उद्ध्वस्त झाले. अशा वेळी माणसांबरोबर यंत्रे, माल आणि गिऱ्हाईकही जाते. सुरक्षा इथे निखळ फायद्याची ठरते.

पण हेच कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर मज्जातंतू आणि हृदय पोखरते. दुखणे उघड होईपर्यंत कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावरून गेलेले असते. औषधपाण्याचा खर्च त्याच्या घरावर पडतो, ताळेबंदात तो कधीच येत नाही. 'सुरक्षा परवडते' हा युक्तिवाद इथे संपतो.

नुकसानभरपाईनेही ही उणीव भरत नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या सूत्रानुसार तीस वर्षांचा कामगार दगावला, तर मासिक वेतनाच्या निम्म्याला 207.98 ने गुणले जाई. पगार कमी तर भरपाई कमी. हे बुडालेल्या मजुरीचे मोल झाले. जिवाचे मोल असे काढताच येत नाही.

इथे प्रश्न धर्माचा होतो. पुरुषार्थांच्या विचारात अर्थ त्याज्य नाही, मात्र त्याला धर्माची मर्यादा आहे. बुद्धाच्या सम्यक आजीविकेत दुसऱ्याला इजा करून पोट भरणे बसत नाही. कांटच्या मते माणसाला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही. तिन्ही विचारांत कर्तव्य आधी येते, लाभ नंतर.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात घातलेले कलम 41-सी याच दिशेचे होते. धोकादायक कामावरील कामगाराची आरोग्य-नोंद ठेवणे आणि त्याने ते काम सोडल्यानंतरही, जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने, त्याची वैद्यकीय तपासणी करणे या कलमाने मालकावर बंधनकारक केले. काम सोडून गेलेल्या माणसाच्या तपासणीतून कारखान्याला एक रुपयाही सुटत नाही. तरीही ती झाली पाहिजे, आणि कंत्राटी कामगाराचीही झालीच पाहिजे.