शिष्यवृत्ती : दान, उचल की हक्क?



बी.ए., बी.एस्सी. झालेल्या पोराच्या घरात दर जूनला एक प्रश्न उठतो. पुढचं शिकायला पैसा कुठून आणायचा? आपण त्याला अडचण म्हणतो. जातीचा दाखला काढा, उत्पन्नाचा दाखला काढा, फॉर्म भरा, सुटली अडचण. पण याच्या पोटात नीतीचा प्रश्न आहे आणि तो आपण एकमेकांना विचारत नाही. दुसऱ्याच्या पैशावर शिकलेला माणूस कुणाचा देणेकरी होतो?

दुसऱ्याचा पैसा तीन वाटांनी येतो. दान म्हणून येतो, उचल म्हणून येतो, हक्क म्हणून येतो. नोट तीच असते. पण घेणाऱ्याचं पुढं काय होणार, हे ती कुठल्या वाटेनं आली यावर ठरतं.

उचल म्हणजे काय ते भिवंडीकरांना सांगायला नको. पोरीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला लूमवाला कामगार सेठकडून उचल घेतो. मग बारा-बारा तासांची पाळी, कानात लूमचा खडखडाट, छातीत कापसाची धूळ. शेजारच्या खात्यात मीटरमागं चार पैसे जास्त मिळत असले तरी तो जाऊ शकत नाही. उचल फिटल्याशिवाय पाय निघत नाही. पैसा सेठनं एकदाच दिला, पण वर्षं कामगाराची गेली.

बँकेचं शैक्षणिक कर्ज ही कागदावरची उचलच आहे. सरकारच्या हमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्याच्या वर गेलात की बँक बहुतेक वेळा तारण मागते. भाड्याच्या खोलीत राहणारा बाप तारण काय ठेवणार? भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो? आणि मिळालंच कर्ज, तर कोर्स संपून साधारण वर्ष झालं की हप्ता सुरू. व्याज तर त्याआधीच चालू झालेलं असतं. असा पोरगा वस्तीत शाळा काढील का? गरिबांची वकिली करील का? ज्या नोकरीत हप्ता निघतो ती नोकरी तो धरणार, आणि साहेबापुढं तोंड बंद ठेवणार. कर्ज घेऊ नका असं मी म्हणत नाही. दुसरी वाट नसेल तर घ्यावंच लागतं. पण कर्ज नुसतं पैसे परत मागत नाही, तुम्ही कोण होणार तेही ठरवून टाकतं, एवढं समजून सही करा.

आता बाबासाहेबांचं बघा. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, पण त्या पदव्यांचा हिशेब कधी मांडत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. म्हणजे राजाचं मन मोठं, पण व्यवहार कराराचा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले. करार पाळायला बडोद्याला गेले. तिथं या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेले लोक दारात आले. अकरा दिवसांत बडोदा सोडावं लागलं.

इथं थांबून विचार करा. करार मोडला कुणी? शिकलेला माणूस परतफेडीला दारात उभा होता. ज्या समाजाच्या तिजोरीतून पैसा निघाला, त्याच समाजानं त्याला फेडू दिलं नाही. जो फी देतो आणि खोली देत नाही, त्याला सावकार म्हणून वसुलीचा काय अधिकार?

ही फक्त १९१७ ची गोष्ट नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब आहे, एक लाख ७५ हजार रुपये. हॉस्टेलमधून त्याला आधीच बाहेर काढलं होतं. एक तरुण मरताना आपलं येणं लिहून ठेवतो, आणि आपल्याला म्हणतात, ही पोरं सरकारच्या पैशावर जगतात!

सरकारचा पैसा म्हणजे कुणाचा? तुझी आई साबण घेते, चहाची पुडी घेते, त्यावर कर भरते. लूमवर विणलेल्या कापडावर कर आहे. तिजोरीत आपला घाम आधीच पडलेला आहे. आणि तो मागून घ्यायला माणूस लागला. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं, त्यात आपल्या विद्यार्थ्यांच्या वरच्या शिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. तिलाच आपण आजही भारत सरकारची स्कॉलरशिप म्हणतो. राजाच्या मर्जीवर एकाला मिळालं, ते कायम सगळ्यांना मिळावं म्हणून त्यांनी दानाचा हक्क केला. हा फरक लहान नाही. दान घेणारा मान खाली घालतो, हक्क घेणारा रांगेत ताठ उभा राहतो आणि उशीर झाला तर जाब विचारतो.

मग काही पोरं म्हणतात, "हक्काचं हाय ना? मग कुनाचे उपकार?"

उपकार कुणाचेच नाहीत, बरोबर आहे. पण उपकार वेगळे आणि ऋण वेगळं. हक्क आभाळातून पडत नाही. जे त्यासाठी लढले त्यातल्या कित्येकांना त्याचा एक रुपया मिळाला नाही. आणि एक हिशेब तर कुठल्याच फॉर्मवर नाही. बाबासाहेब १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार उसने घेऊन. ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण मागं मुंबईच्या चाळीत रमाईनं काटकसर करून जे दिवस काढले, ते कुठल्या रकान्यात लिहायचे? तुझ्या घरात बघ. तू कल्याणला शेअर रिक्षानं, तिथून लोकलनं कुर्ल्याला, पुढं कलिन्याला एम.ए.ला जातोस. त्या पासाचे पैसे भरायला कुणाची शाळा सुटली? बहुतेक बहिणीची. आपल्या चळवळीला पहिला प्रश्न तिनं विचारला पाहिजे.

१८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं. शिकले आणि आपल्यापुरतं पोट भरायला लागले, हे ते दुःख. ते खरंच होतं. पण या दुःखाचा आपण चाबूक करता कामा नये. एखादी पोरगी म्हणाली मला तारे शिकायचेत, तर "समाजासाठी काय उपयोग?" असं विचारणारे आपण कोण? २०२२ साली केंद्रानं नियम केला की परदेशी शिष्यवृत्तीवर भारताची संस्कृती, इतिहास, समाज हे विषय घेता येणार नाहीत. ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. या नियमानं त्या विषयाला पैसा मिळाला नसता! सरकार एका बाजूनं म्हणतं जातीवर शिकू नको, आपण दुसऱ्या बाजूनं म्हणणार फक्त जातीवरच शिक. दोन्हीकडून पोरगं कोंडायचं?

मग ऋण फेडायचं कसं? माझं उत्तर साधं आहे. ते मागं फेडता येत नाही, पुढंच फेडावं लागतं. ज्या दारातून तू आत गेलास ते तुझ्या मागं बंद होऊ द्यायचं नाही. विषय तुझा, नोकरी तुझी, गाव तुझं. पण शांतीनगरच्या, कामतघरच्या पोरीचा फॉर्म तारखेच्या आत भरला जातो का, हे बघणं तुझं काम. स्कॉलरशिप थकली तर तिच्याबरोबर ऑफिसात जाऊन उभं राहणं तुझं काम. आणि घरात जिची शाळा सुटली तिचं नाव पुन्हा शाळेत घालणं हे तर सगळ्यात आधी. वय झालं म्हणतील. मुक्त विद्यापीठ वय विचारत नाही.

सेठची उचल फिटली की माणूस एकटा सुटतो. हे देणं असं आहे की ते फेडताना दुसरा सुटतो. म्हणून ते अंगावर असल्याची लाज वाटून घेऊ नका. फेडायला लागा.

जय भीम.