नोकराची चोरी, मालकाची थकबाकी

साध्या चोरीला भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद होती. तीच चोरी कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची केली, तर सात वर्षांपर्यंत. पहिलं कलम 379, दुसरं 381. माल तोच, किंमत तीच. मग वरची चार वर्षं कशाची? ‘विश्वासघाताची’, असं आपण चटकन म्हणतो. पण हे उत्तर बरंच उशिरा सुचलेलं आहे.

कलम इंग्रजी विचारातून आलं आणि तिथे मुळात धनीपणाचा प्रश्न होता. 1351 च्या कायद्याप्रमाणे नोकराने धन्याला ठार मारणं हा नुसता खून नव्हता, तो धाकटा राजद्रोह होता. राजाला जशी प्रजा, तसा धन्याला नोकर. हा प्रकार 1828 पर्यंत कायद्यात होता. चोरीत मात्र वेगळीच पंचाईत होती. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू नेणं. पण धन्याने स्वतःच वस्तू हाती सोपवली असेल, तर ती नेली कोणाच्या ताब्यातून? आठव्या हेन्रीच्या काळात, 1529 मध्ये, सांभाळायला दिलेली चाळीस शिलिंगांची किंवा त्याहून महाग वस्तू नोकराने पळवणं हा भारी गुन्हा ठरला.

खरी गंमत 1799 ची. बेझली नावाच्या बँकेच्या रोखपालाने ग्राहकाने भरायला दिलेल्या रकमेतली शंभर पौंडांची नोट खिशात घातली. न्यायाधीशांनी विचार केला की नोट ग्राहकाच्या हातून थेट याच्या हातात आली, बँकेच्या ताब्यात ती कधी गेलीच नाही, म्हणजे ही चोरी नव्हे. तर्क बिनतोड होता, आणि बेझली सुटला. संसदेने त्याच वर्षी अपहाराचा वेगळा कायदा केला. शिक्षा चौदा वर्षांपर्यंत काळं पाणी. माझ्या मते विश्वासाची भाषा इथून जोर धरते. पैसा शेकडो हातांतून फिरू लागला आणि प्रत्येक हातावर मालकाची नजर राहणं अशक्य झालं. नजरेची उणीव कायद्याने शिक्षेच्या धाकाने भरून काढली.

1860 च्या आपल्या संहितेत हे दोन्ही वारसे एकत्र आले. चोरीला 381, अपहाराला 408. भांडी घासणारी बाई आणि तिजोरीची किल्ली सांभाळणारा मुनीम, दोघांनाही कमाल सात वर्षं. त्याच्या आदल्याच वर्षी आणखी एक कायदा आला होता. उचल घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला, मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकाने मजुरी बुडवली तर मजुराने आपल्या पैशासाठी दाद मागत फिरावं. तुरुंगाची भीती एकाच बाजूला. हा कायदा 1925 मध्ये रद्द झाला, पण मागची समजूत इतक्या सहज जात नाही.

ती पहिल्यांदा नीट हलली 1973 मध्ये. पगारातून भविष्य निर्वाह निधीची रक्कम कापून ती न भरणारा मालक हाही विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार करतो, असं स्पष्टीकरण कलम 405 ला जोडलं गेलं. दोन वर्षांनी कामगार विम्याच्या वर्गणीलाही तेच लागू झालं. म्हणजे विश्वास नोकरही मालकावर टाकतो, हे संहितेने मान्य केलं. शिक्षा मात्र साध्या अपहाराचीच, तीन वर्षांपर्यंत; नोकराला सात. बोलताना तर मालकाच्या या अपहाराला आपण अजून ‘थकबाकी’च म्हणतो.

इंग्लंडमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड लेन यांनी 1985 च्या बॅरिक खटल्यात, अशा अपहाराला शिक्षा किती द्यावी, याचं न्यायाधीशांसाठी मोजमाप घालून दिलं. रक्कम किती, हे तर पाहायचंच. पण विश्वास किती वरच्या दर्जाचा होता, अपहार किती काळ चालला, पैसा कशावर उडवला, आणि गुन्हेगारावर स्वतःवर काय ओढवलं आहे, हेही पाहायचं. शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे कर्नाटकातल्या एका एसटी कंडक्टरकडे हिशेबाबाहेरचे 93 रुपये सापडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रकमेला महत्त्व नाही असं म्हणत बडतर्फी कायम केली. रोज रोकड हाताळणाऱ्याबद्दल हे पटतं. पण ज्याची नोकरी अशी गेली, त्याला फौजदारी न्यायालयात शिक्षा सुनावताना ही बडतर्फीही जमेस धरायला हवी.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या अपहाराची कमाल शिक्षा तीनवरून पाच वर्षांवर गेली. नोकराची सातच राहिली, म्हणजे अंतर थोडं कमी झालं. चोरीत मात्र ते वाढलं. कलम 303 मध्ये पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केली तर, तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. नोकराच्या चोरीच्या कलम 306 मध्ये ही सवलत नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने चार हजारांचा मोबाइल उचलून परत केला तर समाजसेवा. मालकिणीचं तेवढ्याच किमतीचं कानातलं उचलून परत करणाऱ्या मोलकरणीसमोर सात वर्षांचं कलम. 1958 च्या परिवीक्षा कायद्यात संसदेने पहिल्या गुन्ह्याला ताकीद देऊन सोडण्याच्या यादीत 381 चा नाव घेऊन समावेश केला होता. तेव्हा जे सुचलं ते 2023 मध्ये नवी संहिता करताना राहून गेलं. कलम 303 मधलं ते परंतुक 306 खालीही घालावं. दुरुस्ती एका वाक्याची आहे.