थाळीला चिकटलेलं पान

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोहाची सुरुवात ख्यालाने होत नाही. सकाळी हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी शहनाई वाजते, ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा होते आणि मग मिलाद. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे उतरली आणि लष्कर नावाचं शहर होऊन बसली. तिच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांना ही हरिकथा परकी वाटत नाही, ती त्यांच्या कीर्तनाच्याच भावकीतली.

कीर्तनात आख्यान रंगलं की ते मूळ ग्रंथात आहे का, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर पंचाईत होते.

थालीपाकाचंच घ्या. पांडव वनवासात. द्रौपदीचं जेवण आटोपलेलं, ती जेवेपर्यंतच अन्न पुरवणारी, सूर्याने दिलेली थाळी घासून ठेवलेली, आणि दुर्योधनाने फितवलेले दुर्वास शिष्यांचा तांडा घेऊन दारात. ऋषी नदीवर स्नानाला जातात, इकडे कृष्ण येतो, थाळी मागवतो. काठाला चिकटलेलं भाजीचं एक पान तोंडात टाकतो. नदीत उभ्या शिष्यांना ढेकर येतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा ही कथा मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीही तिच्या सोबतीला आहेच.

आता जपानकडे वळू. तिथल्या अ‍ॅनिमेतही परिशिष्टं असतात, फक्त ती मधेच दाखवली जातात. एइचिरो ओडा यांची ‘वन पीस’ ही चित्रकथा १९९७ पासून चालू आहे, तिची मालिका १९९९ पासून. मालिका वर्षानुवर्षं दर आठवड्याला धावायची, ओडांचा हात तेवढा चालायचा नाही. मग मधे भर घालावी लागायची, तिला ‘फिलर’ म्हणतात. ही बहुधा कंटाळवाणी असते. ‘नारुतो’ या दुसऱ्या मालिकेने पहिल्या पर्वाच्या शेवटी १३६व्या भागापासून पुढे बहुतेक भरच वाढली, तेव्हा निष्ठावंतही वैतागले. पण ‘वन पीस’मधला १९६ ते २०६ हा अकरा भागांचा ‘जी-८’चा टप्पा लोक आजही मुद्दाम काढून पाहतात. आकाशातल्या बेटावरून परतणारं, कथेच्या नायक चाच्यांचं जहाज थेट नौदलाच्या किल्ल्यातच उतरतं, एवढीच त्याची कल्पना. मुख्य गंमत मुदपाकखान्यात आहे. वेषांतर केलेला आचारी सांजी तिथे टाकून द्यायच्या उरल्यासुरल्या जिनसांतून असं जेवण करतो की नौदलाचे आचारी ओशाळतात. दुसरीकडे वैद्य चॉपरला रक्त पाहून घाबरणारी डॉक्टरीण भेटते, आणि आपण चाचे आहोत हे विसरून तो तिच्या मदतीला लागतो.

कृष्णाने भाजीचं पान शोधलं, सांजीने टाकाऊ जिनसा शोधल्या. दोन्ही भर घालणाऱ्यांना उष्ट्याखरकट्यातच माणसाची ओळख पटवावीशी वाटली, हा योगायोग मोठा गोड आहे. आणि कथा संपल्यावर दोन्हीकडे सगळं जिथल्या तिथे. पांडव पुन्हा काम्यकवनात, जहाज पुन्हा समुद्रात.

ग्वाल्हेरला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. गवई कृष्णराव शंकर पंडितांच्या या गावात बंदीश म्हणजे स्थायी-अंतऱ्याच्या मोजक्या ओळी. बाकी आलाप, बोलतान, लयकारी ही सगळी गवयाची भर. ती बंदिशीच्या ‘मुळात’ नसते म्हणून कुणी तिला खोटी म्हणत नाही. फक्त राग सुटता कामा नये आणि समेवर यायला हवं. कृष्ण अडलेल्या भक्ताच्या हाकेला धावतो, हा त्याचा राग. थालीपाकात तो सुटत नाही.

म्हणून प्रक्षिप्ताची खरी तपासणी ते कुठून आलं याने होत नाही, ते मूळ कथेवर काही कर्ज ठेवून जातं का याने होते. स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणत कर्णाला नाकारणारी द्रौपदी आठवा. तेही शब्द मुख्य संहितेत नाहीत. पण ही भर समेवर आली नाही. तिने द्रौपदीच्या तोंडी जातीचा गर्व घातला, कर्णाच्या पुढच्या वागण्याला सबब दिली, आणि द्यूतसभेत जे घडलं त्याचा अर्धा दोष पिढ्यान्‌पिढ्या द्रौपदीच्याच पदरात टाकला. कित्येक कादंबऱ्या आणि नाटकं या एका उसन्या वाक्यावर उभी आहेत. इथे संशोधकाची कात्री नुसती पाठशुद्धी करत नाही, एका बाईला न्याय देते.

एकनाथांना आणखी एक फरक बरोबर कळला असावा. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले पाठभेद निवडून काढले आणि पुढे कुणी ओवी घुसडू नये म्हणून सज्जड ताकीद दिली. तेच नाथ भावार्थ रामायणात वाल्मीकींच्या कथेभोवती मोकळेपणाने आपलं म्हणून बरंच सांगतात. ते अपुरं राहिलं तेव्हा त्यांच्या शिष्याने, गावबाने, पुरं केलं, आणि वाचणाऱ्यांनी तेही डोक्यावर घेतलं. घुसडणं वेगळं, आपल्या नावावर सांगणं वेगळं. हिंदीत तर जुन्या रामचरितमानसाच्या प्रतींवर ‘क्षेपकसहित’, म्हणजे भरीसकट, असं ठळक छापत. मेघनादाच्या बायकोची, सुलोचनेची कथा हवी असणारं गिऱ्हाईक तीच प्रत मागे.

आज ‘वन पीस’ नव्याने पाहायला घेणारी पोरं आधी कुठले भाग गाळायचे याची यादी शोधतात. हजार भागांच्या वर गेलेल्या मालिकेत ते शहाणपणच. पण यादी देणारेच ‘जी-८’पाशी आले की अडतात आणि सांगतात, हे अकरा तेवढे गाळू नका.