गढूळ पाणी

१६ एप्रिल २०२४चा पाऊस आपण कुणीच विसरणार नाही. अमिरातीतल्या १९४९पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नव्हता. अल बर्शातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरतेय असे कळताच मी किल्ल्या घेऊन धावलो. "अहो, ऐका तरी!" ही म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो. खाली गेल्यावर आठवले, गाडी तर काल आपणच बाहेर उंचावर लावली होती!

ताणात मेंदूतले भीतीचे केंद्र जोर धरते आणि सारासार विचार करणारा पुढचा भाग मागे पडतो. मग त्या खेकसण्याचा दोष माझा की ताणाचा? मला वाटते, ताण येणे आपल्या हाती नसते. थांबायची सवय लावणे मात्र असते, आणि ती शांत दिवसांतच लावावी लागते. समर्थांनी दोनशे पाच 'मनाचे श्लोक' रचले, तेही मनाला समजावण्यासाठीच ना?

दहा संथ श्वास घ्यावेत, नेमकी भीती कशाची ते कागदावर लिहावे, मोठा निर्णय शक्यतो उद्यावर ठेवावा. गढूळ पाणी ढवळून निवळत नाही.

त्या रात्री मी हिची माफी मागितली. हल्ली "ऐका तरी" म्हटले की मी थांबतो.